अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड डेव्हिस केमिस्ट होते, मग त्यांना फिजिक्सचं नोबेल कसं मिळालं?

कारण त्यांनी जे मोजलं, म्हणजे सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो (सहसा कशालाही न धडकता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण), ते फिजिक्सचं होतं, पण मोजायला केमिस्टचाच हात लागणार होता.

येलमधून फिजिकल केमिस्ट्रीत पीएचडी केली १९४२ ला. १९४८ ला अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये लागले तेव्हा साहेबांना विचारलं काय काम करू, तर साहेब म्हणाले लायब्ररीत जा आणि इंटरेस्टिंग वाटेल ते शोधा. तिथे न्यूट्रिनोवरचा एक लेख हाती लागला आणि मग माणूस आयुष्यभर त्याच्याच मागे.

अमेरिकेत साउथ डकोटामध्ये होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. तिथे जवळपास दीड किलोमीटर खाली (वर जमिनीवर अंतराळातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचा मोजणीला फार त्रास) त्यांनी एक टाकी बसवली आणि ३ लाख ८० हजार लिटर परक्लोरोएथिलीन हे क्लोरीन असलेलं रसायन भरलं, ड्रायक्लीनिंगवाले वापरतात तेच. सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूला धडकला की त्याचा आर्गॉन-३७ होतो, मग टाकीतून हेलियम सोडून तो आर्गॉन बाहेर काढायचा, गार केलेल्या कोळशावर पकडायचा आणि छोट्याशा काउंटरमध्ये मोजायचा. किती तयार व्हायचे? सरासरी दोन दिवसांत एक अणू! सहाशेच्या वर टन द्रवातून!! मला तर हे आजही खरं वाटत नाही.

सूर्याकडून किती न्यूट्रिनो यावेत याचा हिशोब मांडणारे शास्त्रज्ञ जॉन बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे याच्या तिप्पट यायला हवे होते. १९६८ ला पहिला रिझल्ट आला आणि लोकांना वाटलं प्रयोगातच काहीतरी गडबड आहे. डेव्हिस यांनी वाद घालत बसण्यापेक्षा टाकीत मुद्दाम मोजून ५०० च्या आसपास आर्गॉनचे अणू सोडले आणि ते जवळजवळ सगळे परत काढून दाखवले. मग पुन्हा मोजणी, ती चालली १९९४ पर्यंत, आणि आकडा तसाच, एक तृतीयांश. नोबेलपेक्षा मला ही चिकाटी मोठी वाटते, कारण इतकी वर्षं चुकीचा ठरवला जाणारा आकडा धरून ठेवायला स्वतःच्या कामाची पक्की खात्री लागते.

शेवटी २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने सिद्ध झालं की न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात आणि डेव्हिस यांच्या टाकीला त्यातला एकच प्रकार दिसायचा. म्हणजे बाकॉलही बरोबर, डेव्हिसही बरोबर. २००२ ला नोबेल घेताना ते ८८ वर्षांचे होते.

या विषयात रस असेल तर कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीबद्दलही वाचा, आपल्या मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) च्या लोकांनी १९६५ मध्ये तिथे वातावरणातले न्यूट्रिनो पकडले होते.