पस्तीस माणसांची मंडळी आणि नाताळची उपासना : गायकवृंद नसला तर?

तुम्ही विचारलंय की चर्चच्या मंडळीत जेमतेम पस्तीस माणसं, गायकवृंद नाही, कीबोर्डवर एक नवशिकी मुलगी, तर मग रेकॉर्ड केलेले ट्रॅक लावून गावं का. माझं स्पष्ट मत, लावू नका. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, म्हातारी माणसं एक ओळ मागे राहिली की हळूहळू गप्प बसतात आणि मग सगळे नुसते ऐकत राहतात. तुमची पस्तीस माणसं हाच तुमचा गायकवृंद आहे.

उपासनेचा साचा तयारच आहे, शास्त्रपाठ (बायबलमधल्या उताऱ्याचं वाचन) आणि गीत आलटून पालटून. १८८० साली इंग्लंडात ट्रुरोला बिशप बेन्सन यांनी नाताळच्या आदल्या रात्री नऊ पाठांची अशी उपासना घेतली, तीही कॅथेड्रलचं बांधकाम चालू असल्यामुळे तात्पुरत्या लाकडी इमारतीत. १९१८ पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती सुरू झाली आणि पुढे रेडिओमुळे जगभर गेली. तुम्हाला नऊ पाठ नकोत, पाच पुरेत: यशया ९, मीखा ५, लूक २ दोन भागांत (जन्म आणि मेंढपाळ), शेवटी योहान १. वाचायला लहान पोरापासून सुरुवात करा आणि शेवटचा पाठ पाळकांना द्या, मूळ पद्धतही अशीच चढत्या क्रमाची होती. प्रवचन मग दहा मिनिटांचं पुरतं, कारण गोष्ट आधीच सांगून झालेली असते.

आता गाण्याचं, कारण खरी गडबड इथेच होते. पट्टी! पुस्तकातली पट्टी बऱ्याचदा चार आवाजांच्या गायकवृंदाला सोयीची असते, सगळे एकसुरात गाणार असतील तर ती उंच पडते. 'सायलेंट नाइट'चंच बघा ना, सोपं वाटतं पण चाल खालच्या सा पासून थेट वरच्या सप्तकातल्या मध्यमापर्यंत जाते, शेवटच्या ओळीत अर्धी मंडळी तिथेच सुटते. पुस्तकातल्या बी फ्लॅट पट्टीऐवजी खालच्या ए किंवा जी मेजरमध्ये घ्या, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण असतं, मुलीला नवीन काही शिकावं लागत नाही. आणि हेच गीत १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा शब्द लिहिणारे योसेफ मोर आणि चाल देणारे ग्रुबर असे दोघे आणि एक गिटार एवढाच मुख्य सरंजाम होता, म्हणजे साधेपणाची लाज वाटायचं काहीच कारण नाही.

त्या मुलीला सांगा, उजव्या हाताने चालच ठळक वाजव, सजावट नको, शेवटची ओळ इंट्रो म्हणून वाजव आणि प्रत्येक कडव्याआधी सारखीच, एका श्वासाएवढी जागा सोड. चुकली तरी थांबू नको, लोक गात असतात ते तुला सांभाळून घेतील. सोबत एक खणखणीत आवाजाचा माणूस पुढे उभा करा, पण माइक त्याच्या तोंडाशी नको, नाहीतर परत सगळे ऐकायला लागतात. मागच्या बाकांवर विखुरलेल्यांना आग्रहाने पुढे आणून जवळजवळ बसवा, एवढ्यानेच आवाज केवढा वाढतो ते तुम्हीच बघाल. गाणी पाच-सहाच घ्या आणि त्यातलं नवीन एकच, तेही आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या, चारही रविवारी उपासनेआधी एकदा म्हणून घ्या.

मेणबत्त्यांच्या वेळी दिवे मालवणार असाल तर तेव्हा फक्त तोंडपाठ असलेलं गीत ठेवा, अंधारात पुस्तक दिसत नाही. दोनच कडवी, आणि लहान मुलांच्या शेजारी एकेक मोठं माणूस उभं राहील हे आधीच ठरवून ठेवा.