जमिनीखालच्या पहिल्या पाळीआधी : नव्या खाणकामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमची शेती कोळसा खाणीत गेल्यामुळे प्रकल्पग्रस्त म्हणून मला नोकरी मिळाली असून वणी भागातील भूमिगत खाणीत नेमणूक होण्याची शक्यता आहे. प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात? ते संपताच फेसवर, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा काढतात त्या जागी, पाठवतात काय? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार जमिनीखाली काम करणाऱ्या नवागताला 24 दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे ज्याला सगळे ‘व्हीटी सेंटर’ म्हणतात, त्या व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात त्याचा काही भाग वर्गात आणि काही भाग प्रत्यक्ष उतरून होतो. कॅप लॅम्प (हेल्मेटवरचा दिवा), हेल्मेट आणि सेल्फ रेस्क्युअर (विषारी हवेतून बाहेर पडताना श्वासासाठी वापरायचे कमरेचे यंत्र) यांचा वापर, छताची ओळख, वायू, हॉलेज (दोराने डबे ओढणारी यंत्रणा) आणि कोळसा वाहणाऱ्या बेल्टपासूनचे धोके, सुरुंगाच्या स्फोटाच्या वेळी कुठे थांबावे आणि प्रथमोपचार हे त्यातले मुख्य विषय आहेत. त्यानंतर लगेच एकट्याने काम करायचे नसते, तर कुशल कामगाराच्या हाताखाली काम शिकायचे असते. हे दिवस मला वर्गातल्या दिवसांइतकेच महत्त्वाचे वाटतात, कारण वर्गात ऐकलेली सूचना कामाच्या गडबडीत पाळण्याची सवय तिथेच लागते.

माझा एक आग्रह आहे. ताजी हवा ज्या वाटेने आत येते आणि वापरलेली हवा ज्या वाटेने बाहेर जाते, त्या दोन्ही वाटांनी आपल्या कामाच्या जागेपासून खाणीच्या तोंडापर्यंत एकदा तरी चालून जा, आणि कोणी आपणहून नेत नसेल तर मायनिंग सरदाराला, म्हणजे पाळीत कामाच्या जागेची सुरक्षा पाहणाऱ्या पर्यवेक्षकाला, तशी विनंती करा. प्रत्येक खाणीला बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग असतात, पण रोजच्या वाटेपलीकडचा दुसरा मार्ग नकाशावर पाहिलेला माणूस धुरात तो शोधू शकेलच असे नाही.

प्रश्न : छत ठोकून पाहायला शिकवले, पण चांगल्या आणि वाईट आवाजातला फरक मला अजून कळत नाही. जुने कामगार म्हणतात, ‘हळूहळू कान तयार होतो.’ तोपर्यंत काय करावे? (एक वाचक, बल्लारपूर)

उत्तर : तोपर्यंत आधार नसलेल्या छताखाली पाऊल टाकू नये, हे पहिले उत्तर. ज्याला खाणीत ‘चाल’ म्हणतात ते छत कोसळून भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींत वर्षानुवर्षे माणसे दगावली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर पडलेला दगड खोलीभर आकाराचाही नव्हता.

ठोकण्याची पद्धत नीट समजून घ्या. बोल्ट (छताचे थर बांधून ठेवणारे लोखंडी गज) किंवा टेकू दिलेल्या छताखाली आपण स्वतः उभे राहून लांब पहारीने पुढचे छत ठोकायचे आणि सुरक्षित भागाकडून अनोळखी भागाकडे सरकायचे. उलट दिशेने कधीही सरकू नये. घट्ट छताचा आवाज खणखणीत येतो, तर सुटलेल्या थराचा पोकळ आणि बसका. छत हाताला लागण्याइतके खाली असेल तर एका हाताची बोटे त्याला टेकवून दुसऱ्या हाताने ठोकावे, कारण कानाला न कळणारी थरथर बोटांना कळते, आणि पंख्याच्या किंवा यंत्राच्या आवाजात ही बोटेच अधिक विश्वासाची. मात्र जाड थर वरून सुटलेला असेल तर आवाज चांगला येऊनही छत धोकादायक असू शकते. म्हणून बाकीच्या खुणाही पाहाव्या लागतात : बारीक माती झरणे, बोल्टची प्लेट वाकणे किंवा सैल होणे, लाकडी टेकू करकरणे, काल नसलेली भेग आज दिसणे, कोरड्या जागी अचानक पाणी ठिबकणे. यातले काहीही दिसले तर मागे येऊन सरदाराला सांगावे. ड्रेसरने सुटे दगड पाडून आधार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्फोटानंतरचे नवे छत आणि जंक्शन, म्हणजे दोन गॅलऱ्या (खाणीतल्या बोगद्यासारख्या वाटा) मिळतात ती जागा, इथे तर दुप्पट सावध राहा.

प्रश्न : सेल्फ रेस्क्युअर वापरताना तोंडात गरम हवा येते असे ऐकले. ती फार गरम झाली तर तो काढून टाकावा काय? (एक वाचक, सावनेर)

उत्तर : काढू नये, कोणत्याही परिस्थितीत काढू नये. आपण म्हणता तो फिल्टर प्रकारचा सेल्फ रेस्क्युअर आहे. त्यातले रसायन विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. हवा जितकी गरम, तितका बाहेर विषारी वायू जास्त आणि यंत्र काम करीत असल्याची खूण तितकी स्पष्ट. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून नळी सोडणारा माणूस काही श्वासांतच कोसळू शकतो. 25 जानेवारी 1994 रोजी पश्चिम बंगालमधील न्यू केंदा खाणीत आग लागून 55 कामगार मृत्युमुखी पडले. भूमिगत आगीत ज्वाळेपेक्षा हवा अधिक माणसे मारते.

या यंत्राची मर्यादाही लक्षात ठेवावी. ते प्राणवायू निर्माण करीत नाही, म्हणून हवेतच प्राणवायू कमी असेल तर ते निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी स्वतः प्राणवायू देणारा दुसऱ्या प्रकारचा सेल्फ रेस्क्युअर लागतो, आणि तो ठरावीक मिनिटेच चालत असल्यामुळे धावपळ न करता सावकाश चालावे. आपल्या खाणीत कोणता प्रकार दिला जातो हे पहिल्याच दिवशी विचारा. झाकण काढणे, नळी दातांत धरणे, नाकाला चिमटा लावणे, पट्टा डोक्यावर ओढणे ही कृती प्रशिक्षणाच्या नमुना यंत्रावर अंधारात, डोळे मिटून करून पाहा. कमरेच्या यंत्राला पोचा पडला असेल किंवा सील तुटले असेल तर लॅम्प रूममध्येच बदलून घ्यावे.

प्रश्न : मी मँगनीजच्या भूमिगत खाणीत लागणार आहे. तिथे वायू नसतो, मग हे सारे प्रशिक्षण कशाला? (एक वाचक, ता. तुमसर)

उत्तर : चिकला, कांद्री, गुमगाव अशा मँगनीज खाणींत कोळशासारखी मिथेन या पेट घेणाऱ्या वायूची भीती नसते हे खरे. पण स्फोटानंतरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे विषारी वायू असतातच. न फुटलेला सुरुंग, बाजूचा सुटा दगड, उघडे तोंड असलेले च्यूट (खनिज खाली सोडण्याची वाट) आणि खडकातली सिलिकायुक्त धूळ हे तिथले धोके आहेत. छिद्र पाडताना पाणी वापरायचे ते याच धुळीसाठी. गळ्यात रुमाल गुंडाळून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, टळत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने खाणकामातील पदविका घेतली आहे. तिला जमिनीखाली काम करता येते काय? (एक पालक, चंद्रपूर)

उत्तर : येते. 2019 साली केंद्र सरकारने सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना भूमिगत खाणी खुल्या केल्या. प्रशिक्षणात कोणतीही सूट नाही आणि ती मागूही नये.

प्रश्न : मी ठेकेदाराकडे कामाला आहे. प्रशिक्षण न देताच रजिस्टरवर सही घेतली आणि ‘उद्यापासून उतर’ असे सांगितले. नकार दिला तर काम जाईल. (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आपली अडचण मला कळते आणि तिचा रागही येतो, कारण या सहीमुळे अपघातानंतर ‘कामगार प्रशिक्षित होता’ असे कागदावर राहते. प्रशिक्षणाचे नियम ठेकेदाराच्या कामगारालाही तसेच्या तसे लागू आहेत, आणि त्याची जबाबदारी ठेकेदाराबरोबरच खाणमालकावर आणि व्यवस्थापकावरही येते. एकट्याने वाद घालण्यापेक्षा सोबतच्या चार-पाच जणांनी मिळून खाणीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे प्रशिक्षणाची लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. शंभराहून अधिक माणसे असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असते, आणि 500 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या खाणीत कामगारांतर्फे नेमलेले वर्कमेन इन्स्पेक्टर असतात. त्यांच्यापाशी तक्रार मांडता येते. तिथेही दाद लागली नाही तर खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे तक्रार पाठवावी. त्याचे मुख्यालय धनबादला असून नागपुरातही कार्यालय आहे. तक्रारीत खाणीचे नाव, पाळी आणि सही घेतल्याची तारीख अवश्य लिहा, कारण तपासणीस आलेला अधिकारी सर्वांत आधी हजेरीच्या आणि प्रशिक्षणाच्या नोंदवहीतील तारखा ताडून पाहू शकतो.