रेडियम लावताना साबणाचं पाणी कमी पडलं म्हणून फुगे येतात का?

तुम्ही विचारलंय की पिकअपच्या हौद्यावर नाव आणि पट्टे रेडियममध्ये करून घेतले, दोन महिन्यांत फुगे धरले, कडा उचलल्या. तर पाणी कमी पडलं का, आणि आता घरीच लावता येईल का.

पाणी कमी नाही पडलं, पाणी मारलं हीच चूक. ‘पाण्याशिवाय स्टिकर सरळ बसतच नाही’ हे ऐकून माझे कान किटलेत. साध्या पातळ व्हाइनिलला (प्लास्टिकच्या स्टिकरला) पाणी चालतं, दाबायची पट्टी फिरवली की ते निघून जातं. रेडियम जाड आणि ताठ असतं. (नावातच रेडियम, आत असतात काचेचे बारीक मणी आणि त्यांच्यामागे ॲल्युमिनियमचा चकाकता थर.) पट्टीखाली ते वाकत नाही, त्यामुळे पाणी मधेच अडकतं. कापलेल्या कडेतून ओल आत गेली की तो थर काळा पडतो. अक्षरांना काळी किनार आलेली दिसली की समजायचं, साबणाच्या पाण्याची बाटली मारली होती. साबणाचा अंश गोंदावर राहून पकड ढिली होते ती वेगळीच.

पिंपळगावची टोमॅटो वाहणारी एक पिकअप दुरुस्तीला आली होती, तिच्यावर सगळ्या चुका एकदम बघायला मिळाल्या. बाजूच्या अक्षरांना तीच काळी किनार. मागच्या फाळक्यावर मात्र कोरडं काम होतं, तरी वाटाण्याएवढे फुगे. कारण फाळक्याला लांबी (पुट्टी) भरून रंग मारला आणि चौथ्या दिवशी रेडियम चढवलं. वरून रंग हाताला कोरडा लागतो, आतला थिनर अजून उडत असतो. वरून झाकलं की ती वाफ फुगा करते. असे फुगे लावताना दिसत नाहीत, आठवड्याने उठतात, आणि बोलणी खातो स्टिकरवाला. रंग किती दिवसांचा आहे हे पेंटरला विचारू नका, तो ‘वाळला’च म्हणणार. १० सेंमीचा चौकोनी तुकडा चिकटवून गाडी दिवसभर उन्हात ठेवा. फुगा आला तर आणखी आठवडा थांबा आणि पुन्हा तपासा. हवेवर वाळणाऱ्या इनॅमलला तीन-चार आठवडेही लागतात.

त्याच गाडीच्या हौद्यावरच्या पत्र्याच्या खाचांत रेडियम हीट गनने ताणून बसवलं होतं. ते ताणायची वस्तूच नाही. गार झालं की मागे ओढलं जातं, खाचेवर तंबूसारखं उभं राहतं आणि त्यात धूळ भरते. खाचेच्या दोन्ही कडांना ब्लेडने कापा, तीन तुकडे करा. रिव्हेटभोवती गोल कापून रिव्हेट मोकळा सोडा. दार आणि हौद्याच्या फटीवरून सलग पट्टा न्यायचा नाही. पत्र्याची कड आणि रबर यांच्यापासून ३ मिमी आतच थांबा, कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्याला धुण्याचं पाणी पहिल्यांदा उचकटतं.

घरी लावायचंच तर शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा. मग ७० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ३० भाग पाणी. एका फडक्याने लावा आणि ते उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. पॉलिश किंवा मेण असेल तर आधी डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव). पेट्रोल, थिनर नको. पत्रा साधारण २० ते ३० अंशांवर हवा: मे महिन्यात सकाळी नऊच्या आत सावलीत, डिसेंबरात अकरानंतर. निफाडकडच्या थंडीत पहाटे पत्र्यावर दव असतं आणि गोंदही कडक होतो.

मधोमध मास्किंग टेप लावून तिची बिजागरी करा. एका बाजूचा मागचा कागद सोलून कापा, फेल्ट (नरम जाड कापड) लावलेली पट्टी ४५ अंशांत धरून मधून बाहेर ओढा, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढवा. मग दुसरी बाजू. वरची ट्रान्सफर टेप (अक्षरं जागेवर धरणारी वरची चिकट पट्टी) पत्र्यालगत उलटी दुमडून हळू काढा आणि सगळ्या कडा पुन्हा दाबा. बहुतेक जण हा शेवटचा हात टाळतात.

आलेल्या फुग्यांचं: हवेचा असेल तर फुग्याच्या कडेला टाचणीने टोचून त्या छिद्राकडे दाबत आणा, ब्लेडने चिरू नका. पाण्याचा किंवा काळा पडलेला असेल तर काढूनच टाका, दुरुस्ती होत नाही.

आणि हो, काही कंपन्यांचे काही प्रकार ओले लावायला परवानगी देतात, रोलच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. ते दाखवलं तर माझी हरकत नाही. लावल्यावर तीन दिवस धुऊ नका, नंतरही प्रेशरचा पाइप फूटभर लांब धरा, कडेवर तिरका मारू नका. पासिंगला लागते ती टेप वेगळी, एआयएस-०९० या वाहन मानकाच्या छापाची: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. नावाचं रेडियम त्यात धरत नाहीत.