आरोग्य केंद्रात कॉम्प्युटर आले, पण गावातल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑनलाइन नोंदी, आभा क्रमांक (सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक), फोनवरून डॉक्टरांचा सल्ला हे सगळे आले, पण गोव्यातल्या सत्तरी-सांगेसारख्या भागातल्या माणसाला त्याचा खरोखर फायदा होतो का. मी सत्तरीतलीच. नर्स म्हणून अठरा वर्षे काम करते आहे, आधी खाजगीत आणि आता सरकारी नोकरीत. फायदा होतो, आणि एका बाबतीत तर तो मी रोज बघते.

पूर्वी इकडे कुणाच्या छातीत कळ आली की गाडी काढून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठायचे, एवढेच हातात होते. वाटेतला तो वेळच माणसाच्या हृदयाचा घात करायचा. 2018 च्या डिसेंबरात गोव्यात स्टेमी, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद होऊन येणाऱ्या झटक्यासाठीचा, प्रकल्प सुरू झाला. आता ईसीजी जवळच्या केंद्रात निघतो, इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जातो आणि उत्तर मिनिटांत येते. रक्तवाहिनी बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देतात आणि मग 108 रुग्णवाहिकेतून गोमेकॉत नेतात. पहिल्या काही तासांत हे औषध गेले तर हृदयाचा बराच भाग वाचतो.

हे इंटरनेटमुळे झाले असे लोक म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. ईसीजी बघायला पलीकडे कोणीतरी जागे असते आणि उत्तर देणे हे त्याचे काम असते. इंजेक्शन आमच्या कपाटात असते. रुग्ण घामाने भिजलेला असतो, त्याची छाती पुसून लीड (ईसीजीच्या तारा) नीट लावल्या नाहीत तर कागदावर भलतेच उमटते, आणि ते पलीकडच्या तज्ज्ञाला तिथून दुरुस्त करता येत नाही. यातले एक जरी नसते तरी मशीन नुसते टेबलावर राहिले असते.

नोंदींचे मात्र अजून तसे झालेले नाही. आमच्याकडे एकेका गावात गावस आणि परब आडनावाची माणसे डझनांनी. त्यातून जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे. गर्दीच्या वेळी जुने नाव सापडत नाही, म्हणून काउंटरवर नवी नोंद उघडतात. मी पूर्वी ज्या खाजगी हॉस्पिटलात होते तिथे एका बाईच्या अशा दोन नोंदी झाल्या होत्या. पेनिसिलिन चालत नाही हे पहिलीत होते आणि ड्युटीवर आमच्यासमोर दुसरी उघडी होती. इंजेक्शन भरलेले होते. तिच्या सासूने विचारले, "बाय, हिला मागे ज्याने अंगावर पित्त उठले तेच नव्हे ना हे?" म्हणून थांबलो. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आभा क्रमांकाचा हेतू हाच गोंधळ मिटवण्याचा आहे. चौदा आकडी क्रमांक, नोंदी ज्या त्या हॉस्पिटलातच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसरीकडे दिसतात. ही रचना मला पटते. पण संमती म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी, आणि आजी केंद्रात बसलेली असताना तो जातो वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टवर असलेल्या मुलाच्या फोनवर. शिवाय आभा म्हणजे दीनदयाळ योजनेच्या कार्डासारखे विम्याचे कार्ड आहे असे समजून लोक येतात. तसे ते नाही, त्यावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत.

कागद अजून टाकू नका. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेला जवळजवळ दोन आठवडे हातानेच काम चालवावे लागले. आमच्याकडे तर पावसाळ्यात वीज गडगडली तरी लाइन जाते.

घरात वयस्क माणूस असेल तर आभा जरूर काढा, पण आधारला जोडलेला नंबर घरात राहणाऱ्याचाच आहे ना ते आधी बघा. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने करून घ्या. आणि चालू गोळ्या, जुनी ऑपरेशने, न चालणारे औषध हे सगळे एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. न चालणारे औषध सगळ्यात वर, लाल शाईने.