पिऊन सायकलवर बसण्याआधी
'सायकलच तर आहे', इथंच गफलत होते. दारूनं आधी तोल आणि अंदाज जातो, आणि सायकल चालते ती त्यांच्याच जोरावर. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबलास की हँडलवरून थेट डोक्यावर. कॉफीनं, गार पाण्यानं उतरत नाही. यकृत तासाला साधारण एक छोटा पेग पचवतं, आणि शेवटच्या घोटानंतरही नशा काही वेळ चढतच असते. म्हणून सायकल तिथंच ठेवून येता यावी यासाठी घरून निघतानाच यू-लॉक, म्हणजे U आकाराचं जाड धातूचं कुलूप घे (बारीक केबलचं कुलूप सहज कापलं जातं). फ्रेम आणि मागचं चाक मिळून पक्क्या खांबाला अडकव, दिवे काढून खिशात टाक, टॅक्सी कर. सायकल हातात धरून चालत नेलीस तर दिवे चालू ठेव. आणि सोबत्यांना सांगून ठेव: डोकं आपटल्यावर उलटी किंवा गुंगी आली तर 'चढली असेल' म्हणून झोपवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.