पाचवीचं शुद्धलेखन: आमचे आठ महिने कुठे वाया गेले

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली, म्हटलं हे बघ, आपलंच घर. मुलगी पाचवीत, सेमी इंग्लिश, धडा घडाघडा वाचते पण चाचणीत 'आणी', 'पाणि', 'बहीणीला' असं लिहून येते, सहा आठवड्यांनी परीक्षा आहे आणि कुठलं वर्कबुक घेऊ, क्लास लावू का, असं तुम्ही विचारलंय. आधीच सांगतो, मी शिक्षक नाही, अकाउंट्सवाला माणूस आहे, जे सांगतोय ते एका मुलावरून सांगतोय.

नाम-सर्वनाम, काळ, लिंग-वचन यावर मी काही लिहीत नाही, ते कुठल्याही पुस्तकात मिळेल आणि मुलांना ते येतंही. आमचं घोडं वेलांटीत अडलं होतं.

आम्ही काय केलं तर पाचवीच्या स्कॉलरशिप परीक्षेच्या नावाखाली आमच्या मुलाला क्लास लावला. त्या परीक्षेच्या पहिल्या पेपरात 75 प्रश्न, 90 मिनिटं, त्यातले मराठीचे 25, सगळे चार पर्यायांचे. म्हणून क्लासमध्येही सगळं तसंच. 'शुद्ध शब्द ओळखा', खाली चार शब्द, रोज अशी दोन पानं. मला वाटायचं वा, काय प्रॅक्टिस चालू आहे. आता जरा विचार करा, एका प्रश्नात पोरगा एकदा बरोबर शब्द बघतोय आणि तीनदा चुकीचा, तोही छान छापलेला, असं आठ महिने! त्याला जे शब्द चौथीत झोपेत लिहिता येत होते तेसुद्धा डगमगायला लागले. ओळखण्यात 25 पैकी 20-21 यायचे म्हणून आम्ही खूश, आणि शाळेच्या वहीत बोंब.

कळलं कधी, तर एकदा त्याची निबंधाची वही बघताना. वेलांट्या डावीकडेही नाहीत आणि उजवीकडेही नाहीत, अक्षराच्या बरोब्बर डोक्यावर अँटेनासारख्या उभ्या. पहिली वाचा नाहीतर दुसरी वाचा, तुमची मर्जी. विचारलं तर म्हणाला, "बाई त्यांना पाहिजे ती समजतात." मला हसू आलं आणि मग रात्री झोप नाही आली. पोरगं लिहायला घाबरतंय आणि आपण त्याचे पैसे भरतोय.

त्यात त्या क्लासच्या ऑफिसचा किस्सा. त्यांच्या प्रश्नसंचाच्या उत्तरसूचीत 'विद्यार्थीनी' हा शब्द शुद्ध म्हणून दिलेला. 'विद्यार्थी' दीर्घ, पण 'विद्यार्थिनी', 'विद्यार्थिगृह' यात ती पहिली वेलांटी होते, मुलाने बरोबर खूण केलेली आणि त्याचे मार्क कापलेले. मी गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, सर ठरवतात. सर म्हणाले, छापलंय म्हणजे तपासूनच छापलंय. तिसऱ्यांदा शब्दकोश घेऊन गेलो तर म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला, दोन महिन्यांनी दुरुस्तीची चिठ्ठी आली आणि तिच्यात प्रश्नाचा नंबरच चुकीचा! असो. बीपी वाढतं, सोडतो.

मग क्लास बंद करून घरी जे केलं ते सांगतो. त्याचाच पुस्तकातला, आधी शिकून झालेला धडा घ्यायचा आणि त्यातल्या सहा ओळींचं श्रुतलेखन, जास्त नाही. लिहून झालं की ज्या शब्दांबद्दल शंका आहे त्याखाली त्यानेच पेन्सिलीने रेघ मारायची, मग पुस्तक उघडून त्यानेच तपासायचं. आपण लाल पेन हातात घ्यायचा नाही. हे फार अवघड जातं हो, माझा हात शिवशिवायचा. चुकलेला शब्द दहा वेळा वगैरे लिहायचा नाही, एकदाच लिहायचा पण त्याच्या भावंडांसकट: बहीण, बहिणीला, बहिणींनी. पूल, पुलावर. जमीन, जमिनीत. चार-पाच दिवसांत तोच म्हणाला, बाबा, पुढे काही चिकटलं की वेलांटी पहिली होते. शेवटच्या अक्षराच्या आधीच्या वेलांटीचा आणि उकाराचा हा नियमच आहे, पण मी सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी विसरला असता. मोठ्याने वाचायला लावा, 'फूल' आणि 'फुलाला' यातला फरक कानाला कळतो.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम तसे 18च आहेत, 1962 चे 14 आणि 1972 मध्ये वाढवलेले 4. पण दहा वर्षांच्या मुलाला माझ्या मते दोन-तीन पुरतात. शेवटची वेलांटी आणि शेवटचा उकार दीर्घ, म्हणून पाणी. अपवाद आणि, नि, परंतु, तथापि असे मोजके. दुसरा वरचा भावंडांचा. तिसरा म्हणजे अनेकवचनातला अनुस्वार, मुलाला पण मुलांना, तो तर सगळेच खातात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत, 'मंदिर' पहिलीच राहते आणि 'शरीराला' दुसरीच राहते, ते सरळ पाठ करायचे, तिथे कान कामाचा नाही. विभक्तीचा तक्ता प्रथमा ते संबोधन घोकायला लावू नका, हे माझं वैयक्तिक मत, शाळेत विचारणार असतील तर घोका बापडे.

वाचनाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण तिथे लक्ष द्या. घडाघडा वाचते म्हणजे समजतं असं नाही. आमच्याला क्लासने शिकवलं होतं की आधी प्रश्न वाच, मग उताऱ्यात तोच शब्द शोध. 'कोठे', 'केव्हा' जमायचं, 'आजीला राग का आला असेल' म्हटलं की गप्प, कारण 'राग' शब्दच उताऱ्यात नाही ना! आम्ही प्रश्न झाकून ठेवायचो आणि उतारा वाचून तो आजोबांना फोनवर सांगायचा. आजोबांना कमी ऐकू येतं, ते 'कोण? कशाला गेला?' असं इतकं विचारायचे की त्याला परत वाचावंच लागायचं. वाचायला किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, तिथून घ्या.

दुकानाच्या पाट्या, फ्लेक्सवरचं 'हार्दीक शुभेच्छा' यातल्या चुका शोधायचा खेळ आम्हीही खेळतो, पण तो नंतर, शब्द पक्के झाल्यावर. आत्ता नको, नाहीतर मी वर जे रडलो तेच तुमच्याकडे होईल.

सहा आठवड्यांत सगळं सुधारेल असं म्हणणार नाही, आमच्या वेलांट्या डोक्यावरून खाली उतरायला तीन महिने लागले. रोज पंधरा मिनिटं आणि रविवारी सुट्टी. वर्कबुक आधीच घेतलं असेल तर त्यातली शुद्ध-अशुद्धची पानं स्टेपल करून टाका आणि उतारे वापरा.

क्लासच्या फीचं विचारलंय, तर आम्हाला एक रुपया परत मिळाला नाही. ती पावती परवा कपाटात सापडली, चिरंजीवांनी वाचली आणि मला आणून दाखवली. वर छापलंय 'विध्यार्थ्याचे नांव'.