प्रॉक्सीआडून सेलेनियम चालवताना
सेलेनियम म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझर आपोआप चालवणारं साधन, आणि प्रॉक्सी म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून बाहेर जाणाऱ्या विनंत्या ज्यातून जातात तो मधला सर्व्हर. ब्राउझरच उघडत नसेल, तर आधी 'नो प्रॉक्सी' (NO_PROXY) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रॉक्सी टाळायच्या पत्त्यांची सिस्टिममधली यादी, बघ. स्क्रिप्ट आणि क्रोमड्रायव्हर (क्रोम चालवणारा मधला प्रोग्राम) लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनच्या आत, बोलतात. ती विनंतीही प्रॉक्सीकडे गेली की सेशन सुरूच होत नाही. लोकलहोस्ट आणि 127.0.0.1, दोन्ही त्यात लिही.

407 हा एरर कोड म्हणजे प्रॉक्सी लॉगिन मागतोय. क्रोमच्या प्रॉक्सी-सर्व्हर फ्लॅगमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून उपयोग नाही. मशीनवर छोटा लोकल प्रॉक्सी चालव, लॉगिन तो पुढे देईल. त्यासाठी आयटीची परवानगी मात्र घे.

सर्टिफिकेटची एरर आली, तर बहुधा प्रॉक्सी एचटीटीपीएसची एन्क्रिप्टेड माहिती वाटेत उघडून तपासतोय. कंपनीचं रूट सर्टिफिकेट बसव. जावाचं ट्रस्टस्टोअर (विश्वासू सर्टिफिकेटांचा साठा) सहसा वेगळं असतं, तिथेही. सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा फ्लॅग कायम ठेवू नकोस: साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली तरी टेस्ट पास होत राहतील.